दुसऱ्या रांगेतली वृषू

आधीच सांगते, मी या ग्रुपवर फक्त वाचायला येते. तुमचे घाटातले, हॉस्टेलमधले, रिकाम्या फ्लॅटमधले अनुभव वाचायचे आणि मनात म्हणायचं — छान रंगवलंय हो! खरं असं कधी मानलंच नाही. पिंपरीला आमच्या घरात देव नव्हता आणि भूतही नव्हतं. पप्पा कारखान्यात फिटर. वस्तीत कोणाच्या अंगात आलं असं कळलं की म्हणायचे, "तिला आधी पोटभर जेवायला वाढा, मग विचारा कोण आलंय." त्यात माझं कामही तसंच. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी बॅकअपच्या टीममध्ये आहे. लोकांचा डेटा उडतो, फाइली खराब होतात, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो, "मॅडम, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." आपोआप काही होत नसतं. कोणीतरी काहीतरी केलेलं असतं. माझा पगार या एका वाक्यावर चालतो.

म्हणून हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

माझं लग्न उशिरा झालं. मिलिंद बिजवर — पहिल्या बायकोशी रीतसर घटस्फोट झालेला, मूलबाळ नाही. निघोज्याला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. मावशीने स्थळ आणलं तेव्हा म्हणाली, "बिजवर हाय, पण निर्व्यसनी हाय बघ." निर्व्यसनी खराच. व्यसन एकच, जुने व्हिडिओ गेम. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे ना, ते. त्याने त्यासाठी एक छोटा डबा बनवलाय. हाताच्या पंजात मावेल एवढा सर्किट बोर्ड, त्यात एक मेमरी कार्ड, आणि त्या कार्डावर शेकडो गेम. डबा टीव्हीला जोडला की झालं.

आम्ही राहतो पुनावळ्यात, हायवेपासून थोडं आत, पाचव्या मजल्यावर. फ्लॅट मिलिंदने घटस्फोटानंतर घेतला. म्हणजे पहिल्या बायकोचा पाय या घराला लागलेलाच नाही, आणि खरं सांगते, मला त्याचं फार बरं वाटायचं. ती नाशिकला आईकडे असते एवढंच माहीत होतं. कधी फोटो मागितला नाही. पण नसलेल्या फोटोतली बाई आपण मनातल्या मनात किती सुंदर करून ठेवतो ना... माझ्या डोक्यात तिचे केस कंबरेपर्यंत होते.

तर झालं असं, की तो डबा बिघडायला लागला. चालू केला की मध्येच अडकायचा. यादीतले निम्मे गेम गायब. कधी 'जागा संपली' असा मेसेज, आणि बघावं तर अर्धं कार्ड रिकामं. मिलिंदने दोन-चार रविवार त्यात घालवले, मग माझ्याकडे आला.

"प्रज्ञा, तुझंच काम आहे हे. बघ ना जरा."

मला आवडलं. लग्नानंतर पहिल्यांदा तो त्याच्या त्या जगात मला बोलवत होता. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. कार्ड म्हातारं झालं होतं, आणि दर वेळी अडकल्यावर डबा स्वतःच्या चुकांची नोंद एका फाइलीत लिहीत बसायचा. ती फाइल फुगत फुगत सगळी जागा खात होती, साफ केली की काही दिवस बरं चालायचं. काही गेम दोन-दोनदा कॉपी झालेले, काहींचं नुसतं नाव, आत काहीच नाही. नवीन कार्ड आणलं, चांगल्या फाइली त्यावर घेतल्या, नावं नीट लावली. शनिवारी दुपारी डबा पहिल्यासारखा सुरू झाला. मिलिंद एवढा खूश, की भाजी आणायला स्वतः गेला.

सगळं चालतंय ना, म्हणून मी एकेक गेम उघडून बघत होते. त्यात एक होता, नाव नाही सांगत. एक छोटा माणूस कंदील घेऊन जुन्या शहरात, बोगद्यांत हिंडतो, दारं उघडत पुढे जातो. कुठपर्यंत आलात ते सेव्ह करायला त्यात तीन रांगा असतात. प्रत्येक रांगेत खेळणाऱ्याचं नाव आणि तो पोचला ती जागा.

पहिल्या रांगेत MILIND. तिसरी रिकामी.

दुसऱ्या रांगेत VRUSHU. जागा — कोरडी विहीर. (जागांची नावं इंग्रजीत आहेत, मी मराठीत सांगतेय.)

पहिल्या बायकोचं नाव वृषाली, हे मला माहीत होतं. वृषू नव्हतं माहीत.

मिलिंद पिशव्या घेऊन आला तेव्हा मी तशीच बसले होते. "हे काय?"

त्याने टीव्हीकडे बघितलं. "अगं, ते जुनं आहे. आम्ही भाड्याच्या खोलीत होतो तेव्हाचं. कार्डावरून कार्डावर येत राहिलं."

"मग उडवू?"

"राहू दे ना. तुला काय त्रास देतंय ते?"

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण 'राहू दे' म्हणताना तो माझ्याकडे नाही, टीव्हीकडे बघत होता. आणि मला तो कायम प्रज्ञा म्हणतो. अख्खं. जोडाक्षरासकट.

आता जळणं म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. दिवसभर काही वाटत नाही आणि मग भूमकर चौकात कॅब अडकली की सुरू. ते दोघं एकाच गादीवर बसून खेळत असतील. ती हरली की तो हसत असेल. आणि तिसरी रांग रिकामी होती, इतके महिने मी या घरात होते, तरी एकदाही म्हणाला नाही की ये, तुझं नाव टाक.

पुढच्या आठवड्यात घरून काम होतं. मिलिंद फर्स्ट शिफ्टला. जेवण झाल्यावर मी उगाच — नाही, उगाच नाही, जळफळाटानेच — डबा चालू केला आणि तो गेम उघडला.

VRUSHU. लाकडी पूल.

विहीर होती ना? मी स्वतः वाचली होती. म्हणजे मिलिंद तिच्या नावावर खेळतोय. स्वतःची रांग सोडून, तिच्या नावाने, तिचा खेळ पुढे नेतोय.  तो कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला, बूटसुद्धा काढले नव्हते, तर मी सुरू झाले.

"मी हातही नाही लावला त्याला!" तो म्हणाला. "या आठवड्यात डबाच चालू केला नाही. कधी करणार? घरी येतो तेव्हा मेलेला असतो मी."

"मग काय आपोआप झालं?"

"मला नाही माहीत. तूच रिपेअर केलंस ना? तुझ्याकडूनच काहीतरी झालं असेल."

"माझ्याकडून? माझ्या हातून तिची गाडी पुढे जाईल होय?"

मग तो सोफ्यावर बसला आणि हळू बोलला. "प्रज्ञा, मागच्या वेळी संशय मी घेत होतो. रोज. ऑफिसात कोणाशी बोललीस, का हसलीस... तसलं काही नव्हतं तिचं. संसार मोडला त्यात. आता तू नको सुरू करूस, प्लीज."

शहाण्या बाईने इथे थांबायला हवं होतं. मी मात्र त्यातलं एकच वाक्य धरून बसले — तसलं काही नव्हतं तिचं. म्हणजे ती चांगली होती. म्हणजे त्याला पश्चात्ताप आहे.

मग मी ऑफिसात करते तेच केलं. फाइलचा एक ठसा काढता येतो, बोटाच्या ठशासारखा. आत एवढंसं काही बदललं तरी ठसा बदलतो. प्रत्येक रांगेची फाइल वेगळी असते; वृषूच्या फाइलचा ठसा काढला. कार्ड डब्यातून काढून माझ्या पर्समध्ये टाकलं, आणि फाइलची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घेऊन पिंपरीला आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. आईने विचारलं, "काय गं, सोनं हाय का काय?" म्हटलं, ऑफिसचं आहे. आता खेळ बेट्या, कसा खेळतोस ते बघू.

कार्ड पर्समध्ये हिंजवडीला गेलं, परत आलं. रोज. पर्स मी बाथरूमला जातानाही सोडत नव्हते, मैत्रिणी हसायला लागल्या. मग एका रविवारी मिलिंद बाहेर गेल्यावर कार्ड टाकून बघितलं.

VRUSHU. घंटाघर.

मी ते तीनदा बंद करून चालू केलं. लॅपटॉपवर ठसा काढला, तोही वेगळा. कार्ड कुठेही जोडलेलं नसताना फाइल बदलली होती. ऑफिसात हे कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

तशीच रिक्षा करून पिंपरीला गेले. साड्यांखालून पेन ड्राइव्ह काढला. तिथल्या कॉपीचा ठसा काढला. तोही बदललेला, आणि नव्या ठशाशी तंतोतंत जुळणारा. आई भाकरी थापत होती. "मिलिंद बरा हाय ना गं?" तिने विचारलं. "तुझं तोंड असं का उतरलंय?"

"बरा आहे," मी म्हटलं, आणि तिथेच, आईच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, पेन ड्राइव्हवरची फाइल उडवली. घरी येऊन कार्डावरचीही उडवली. दुसरी रांग रिकामी झाली. घाबरले होते का? होते. पण त्याहून जास्त मला बरं वाटत होतं. गेली एकदाची.

संध्याकाळी मिलिंदला सांगितलं, फाइल उडवली. तो "बरं" म्हणाला. भांडला असता तर परवडलं असतं.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. मिलिंद मटण आणायला खाली गेला होता, फोन टेबलावर विसरलेला. फोन वाजला. नाव — वृषाली.

मी उचलला. उचलायला नको होता, पण उचलला.

"हॅलो, मिलिंद?"

"मी प्रज्ञा. त्याची बायको." बायको या शब्दावर जरा जोरच दिला.

 पलीकडून अवघडलेला आवाज. "सॉरी हं. मी कधीच फोन करत नाही, तुम्ही बघू शकता त्यात. एक विचित्र गोष्ट विचारायची होती. विचारू का तुम्हालाच? ... त्याच्याकडे एक जुना गेम होता. कंदीलवाला. तो अजून आहे का?"

मी विचारलं, "का?"

"हसू नका. मला तो स्वप्नात यायचा. बरेच महिने. म्हणजे मी तो खेळत असायचे. आईला अर्धांग झालंय, रात्री सारखी तिची कूस बदलावी लागते, सलग झोप अशी मला नाहीच. बसमध्ये, बँकेत जेवणाच्या सुट्टीत, दुपारी — जिथे डोळा लागेल तिथे. आणि डोळा लागला की तो गेम. एवढं शांत वाटायचं ना... तिथे मला कोणी हाक मारत नाही. मागच्या रविवारपासून एकदम बंद झालं. नुसता अंधार. उठले की आधीपेक्षा दमलेली असते. मला वाटलं, गेम फेकून दिला की काय. वेड्यासारखं आहे, मला कळतंय."

"कुठपर्यंत आला होतात?" माझ्या तोंडून निघालं.

"घंटाघर," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसले.

"आणि मिलिंद?" माझा आवाज मलाच चिरका वाटला. "तोही असतो का स्वप्नात?"

"नाही हो. मिलिंद कधीच नसतो. एक हॉल असतो, टीव्ही, निळे पडदे. टीव्हीच्या बाजूला स्वयंपाकघराचं दार, त्याला मण्यांची माळ. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई असते, लसूण सोलत बसलेली. मी तिच्याकडे बघत नाही, तीही माझ्याकडे बघत नाही. पण असते."

निळे पडदे मी आणले. मण्यांची माळ मी लावली. आणि घरून काम असलं की जेवणानंतर मीटिंग ऐकत ऐकत मी त्याच सोफ्यावर लसूण सोलत बसते. मिलिंदला हे माहीत नाही, तो तेव्हा निघोज्याला असतो.

"फाइल माझ्याकडून उडाली," मी म्हटलं. "बघते मी. मिळतेय का."

फोन ठेवल्यावर मला काय वाटलं सांगू? भीती नाही. माझ्या हॉलमध्ये, माझ्या बाजूला बसून ही बाई आराम करत होती आणि मला पत्ता नाही! कोणाला विचारून? मी दिवसभर कॅबमध्ये, कॉलवर, गॅसपाशी उभी, आणि ही माझ्या सोफ्यावर निवांत. असा राग आला की सांगता सोय नाही. त्या रागातच लॅपटॉप उघडला आणि उडवलेली फाइल कार्डावरून परत मिळवली. तेवढं मला येतं, तेच तर करते रोज. का केलं? तिचा तो दमलेला आवाज. दुसरं कारण नाही.

दोन-तीन दिवसांनी तिचा मेसेज आला: "आलं परत. थँक्यू." मी अंगठा पाठवला.

मग आमचं बोलणं सुरू झालं. थोडंथोडं. आईला आज कसं आहे, बँकेत काय. मी कार्ड लावून बघायचे आणि तिला विचारायचे, आज कुठे होतीस? ती सांगायची. दर वेळी जुळायचं. अहो-जाहो कधी गेलं कळलं नाही. तिने एकदा सांगितलं, ट्रेनिंगला पुण्याला यायचंय. मी म्हटलं, घरी ये. मिलिंदची फर्स्ट शिफ्ट असलेला दिवस ठरवला. त्याच्यापासून चोरून नवऱ्याच्या पहिल्या बायकोला घरी बोलावलं मी... मला बघायचंच होतं तिला.

ती नाशिक फाट्यावरून कॅब करून आली. केस खांद्यापर्यंत, पुढे पांढरे झालेले, डोळ्यांखाली काळं. दारातच थांबली. हॉलकडे बघत राहिली. मग आत आली आणि न विचारता पंख्याचं बटण दाबलं. आमच्या बोर्डावर सहा बटणं आहेत, पाहुणे नेहमी चुकतात.

"हेच," ती म्हणाली. 

डबा लावला. तिच्या हातात कंट्रोलर दिला. तिला जमेना. त्या छोट्या माणसाला तिने दोनदा भिंतीवर आपटलं, एकदा खड्ड्यात टाकलं.

"जागेपणी नाही येत गं," ती हसली. "बोटांना काही आठवतच नाही." कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि पाय वर घेऊन सोफ्यावर टेकली. मी आत वरणाला फोडणी द्यायला गेले. बाहेर आले तर तिला झोप लागलेली. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबकळलेला.

आणि टीव्हीवर तो माणूस चालत होता.

दुपारची वेळ. ऊन थेट हॉलमध्ये. खाली कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये ड्रिलिंग चाललेलं. कंट्रोलर टीपॉयवर, तिच्यापासून लांब. मी जाऊन त्याची वायर डब्यातून उपटून काढली. माणूस थांबला नाही. मघाशी ती जिथे आपटत, पडत होती, तिथून तो सहज गेला. वळणावर जरा रेंगाळायचा, जसं आपण विचार करताना थांबतो तसा, आणि मग बरोबर दार निवडायचा.

मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. हातात लसणाचा गड्डा होता, तो सोलायला लागले. दुसरं काय करणार? ओरडायला हवं होतं, शेजारच्यांना बोलवायला हवं होतं, निदान मोबाइलवर व्हिडिओ तरी. तो नाही काढला मी. लोक विचारतील म्हणून सांगते, नाही काढला. मी कधी टीव्हीकडे बघत होते, कधी तिच्याकडे. तिच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ सैल होत होती. आणि मला हेवा वाटत होता. खरं सांगते, एवढं सगळं डोळ्यांसमोर चाललेलं असताना माझ्या मनात हेच, की माझ्या स्वतःच्या घरात, मी स्वतः निवडलेल्या सोफ्यावर, अशी झोप मला एकदाही लागलेली नाही.

कुकरची शिट्टी झाली आणि ती जागी झाली. माणूस होता तिथे थांबला.

"घंटाघराखालचं दार उघडलं," ती डोळे चोळत म्हणाली. मग वायर बघितली, माझ्या हातातला लसूण बघितला. "तू होतीस ना बाजूला?"

"होते."

आम्ही जेवलो. वरणाचं तिने फार कौतुक केलं. निघताना म्हणाली, "मिलिंदला सांग किंवा नको सांगू. मला त्याचं काही नाही राहिलं आता. मला फक्त ते घंटाघराच्या पुढचं..." आणि वाक्य सोडून दिलं.

मी मिलिंदला सांगितलं. त्याच संध्याकाळी, सगळं. आधीचा संशयसुद्धा. तो ऐकत राहिला. त्याने विश्वास ठेवला की नाही मला कळलं नाही, अजूनही नाही कळलेलं. शेवटी फक्त विचारलं, "बरी आहे का ती?"

त्या चार शब्दांनी मी परत जळलेच. पण मी म्हटलं, "दमली आहे. झोप नाही तिला." तो मान हलवून गॅलरीत गेला. आल्यावर म्हणाला, "कार्डाचा बॅकअप ठेवत जा, प्रज्ञा. खराब नको व्हायला."

नंतरही ती फाइल पुढे सरकतच राहिली. तिच्या आईला मध्ये दवाखान्यात ठेवलं तेव्हा बरेच दिवस थांबली, मग परत. मी हळूहळू सवय करून घेतली, जशी वरच्या मजल्यावरच्या पावलांची होते.

आणि आता हे लिहायचं कारण. परवा घरून काम होतं. जेवण झालं, मी सोफ्यावर माझ्या टोकाला. डबा बंद, टीव्ही बंद. दुसरं टोक रिकामं. काय वाटलं कुणास ठाऊक, मी लसूण बाजूला ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "चहा घेणार का?"

काहीच झालं नाही. पडदा हलला नाही, काही वाजलं नाही. मला स्वतःचंच हसू आलं. तेवढ्यात बेल वाजली, सिलिंडरवाला होता. त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत, मग ऑफिसचा कॉल, त्यात जी अडकले ते मिलिंद येईपर्यंत. चहाचं डोक्यातूनच गेलं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतंच काय त्यात?

संध्याकाळी वृषालीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "आज तू पहिल्यांदाच बोललीस."

"कुठे?"

"तिथे गं. चहा घेणार का म्हणालीस. मी हो म्हटलं. मग तू उठून गेलीस ती आलीच नाहीस. मी गेम सोडून तुझी वाट बघत बसले. बस स्टॉपला लागली तेव्हा जाग आली."

 स्वयंपाकघरात मिलिंद भांडी लावत होता, त्याचा आवाज येत होता.

"सिलिंडर आला होता," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी साखर कमी टाक. मला चालत नाही आता."

मी फाइल तपासली, कार्ड तपासलं, डबा उघडून तपासला, जे जे मला येतं ते सगळं केलं. त्यामुळे कार्ड बदला, फाइल करप्ट आहे, असं कृपया कोणी सांगू नका. मला याचं उत्तर मिळालेलं नाही. आणि परत सोमवारी माझं घरून काम आहे.